काठमांडूहून लुंबिनीस : एका रात्रीचा प्रवास

आमच्या वसई तालुक्यात नालासोपाऱ्याजवळ एक जुने टेकाड आहे. पूर्वी आसपासचे लोक त्यास बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते खणविले, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला व त्याच्या पोटातल्या दगडी पेटीत एकात एक बसविलेले करंडक मिळाले. त्याच साली सोपाऱ्यास सम्राट अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा एक तुकडाही त्यांच्या हाती लागला. तो आता मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. या शासनाचा विषय प्रवास हाच आहे, हे फार थोड्यांस ठाऊक असते. पूर्वीचे राजे शिकारीसाठी व मौजेसाठी विहारयात्रा करीत. आपण मात्र राज्याभिषेकास दहा वर्षे झाल्यावर बोधिस्थानी गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असे राजा त्यात सांगतो. पुढे आणखी दहा वर्षांनी हाच राजा लुंबिनीस गेला व तेथे त्याने स्तंभ उभारला.

आम्ही शाळेत असता दरवर्षी मुलांस सोपाऱ्यास नेत असू व या दोन्ही गोष्टी सांगत असू. सोपारा दाखविता येई. लुंबिनी मात्र केवळ नकाशावर बोट ठेवून सांगावी लागे. भगवानलाल पंडित तर सोपारा खणण्यापूर्वीच नेपाळात जाऊन तेथील शिलालेखांचे ठसे घेऊन आले होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली शिकलेल्या त्या माणसाने आगगाडी अर्ध्या वाटेत संपत असे त्या काळी जे केले, ते आम्हांस विमानाच्या काळात साधू नये, याची मनास नेहमी रुखरुख वाटे. शेवटी २०२४ सालच्या डिसेंबरात जावयाचे ठरले.

घरात विषय निघताच चिरंजीवांनी कपाळास आठ्या घातल्या, आणि त्यास कारणही तसेच होते. त्याच वर्षीच्या २३ ऑगस्ट रोजी जळगाव जिल्ह्यातील वरणगाव परिसराच्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूस येताना मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली होती. सत्तावीस भारतीय तीत दगावले, आणि त्यांतील बहुतेकांचे देह हवाई दलाच्या विमानाने महाराष्ट्रात आणावे लागले. आपलीच भाषा बोलणारी, आपल्यासारखीच पुरणपोळ्यांची शिदोरी बांधून निघालेली माणसे! सूनबाईंनी ती बातमी वाचून दाखविली तेव्हा माजघरात कोणी बोलेना. अखेर चिरंजीव म्हणाले, "बाबा, जा. पण एक वचन द्या. डोंगरात रात्रीची गाडी नाही." आम्ही वचन दिले. सौभाग्यवतींनी डब्यात आगाशीची सुकेळी भरली, दशम्या केल्या आणि आम्ही निघालो.

काठमांडूचे वर्णन अनेकांनी केले आहे. ते येथे करीत नाही. एवढेच सांगतो की परदेशात आल्याची जाणीव आम्हांस झाली ती घड्याळामुळे. तेथील वेळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे. पाऊण तास नव्हे, अर्धा तास नव्हे, नेमकी पंधरा मिनिटे! दुसरी गंमत लिपीची. सर्व पाट्या देवनागरीत. डोळ्यांस वाटे आपण घरीच आहोत, आणि अर्थ मात्र हातून निसटत जाई. शब्द ओळखीचे, परंतु त्यांचे धंदे निराळे. तेथे 'दाइ' म्हणजे थोरला भाऊ. बसच्या दारात लोंबकळून गिऱ्हाइकांस हाका मारणारा पोऱ्या म्हणजे 'खलासी'. अर्नाळ्याच्या बंदरात होडीवरचे खलाशी पाहण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांस समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात खलाशी भेटावा ही मौज वाटल्यावाचून कशी राहील?

आमचा बेत असा होता : काठमांडूहून सकाळच्या गाडीने निघून संध्याकाळी भैरहवास उतरावे, दुसरे दिवशी लुंबिनी पाहून सुनौलीची सीमा ओलांडावी आणि गोरखपुरास रात्रीची आगगाडी धरावी. आगगाडीची तिकिटे दोन महिने आधी काढलेली. पण निघावयाच्या दिवशीच आम्ही चांगुनारायण पाहावयाचे राहिले म्हणून हट्ट धरला. त्या देवळाच्या अंगणात मानदेव राजाचा इ. स. ४६४ मधील स्तंभलेख आहे. लेख संस्कृतात आहे. पती निवर्तल्यावर सहगमनास निघालेल्या राज्यवती राणीस तिच्या मुलाने, मानदेवाने, कसे परतविले ती हकीकत त्यात आहे. भगवानलालांनी ज्याचा ठसा घेतला तो हा दगड. आम्ही त्याच्यासमोर दोन तास बसलो. अक्षरे गुप्तकालीन असल्याने ती काही आम्हांस लागेनात. परंतु छापील पाठ हाती होता व एकेका ओळीवर बोट ठेवून आम्ही तो सौभाग्यवतींस समजावून सांगत होतो. त्या म्हणाल्या, "मुलाने अडविले म्हणून ती थांबली. हे बरे केले." तेव्हा त्या वाक्याचा आम्ही फारसा विचार केला नाही.

अशा रीतीने दिवसाची गाडी गेली. आता दोनच मार्ग उरले. लुंबिनी सोडून द्यावी, किंवा रात्रीच्या गाडीने निघावे. विमानही जाते, पण पौषाच्या तोंडावर तराईत दाट धुके पडते व विमाने खोळंबतात, असे सर्वांचे म्हणणे पडले. आम्ही रात्रीची गाडी धरली.

तिकीट देणाऱ्याने सांगितले की गाडीवर दोन चालक असतात, अर्धा रस्ता एक व अर्धा दुसरा. तिकिटावर तारीख पाहतो तो साल २०८१ आणि महिना पुस. विक्रमाचे साल तेथे नित्य व्यवहारात चालते व महिने सूर्याचे असतात. आमच्या पंचांगाप्रमाणे घरी अजून मार्गशीर्षाचा वद्य पक्ष चालू होता. सायंकाळी साडेसहास नव्या बसपार्कवरून गाडी हलली आणि कलंकी येथे उतारूंची वाट पाहत तासभर उभी राहिली. तेवढ्यात चिरंजीवांचा दूरध्वनी आला.

"बाबा, कुठे आहात?"

"मुक्कामावरच. सकाळच्या गाडीने निघू," आम्ही म्हणालो.

आयुष्यभर ज्यांनी खोटे बोलणाऱ्या पोरांस बाकावर उभे केले, त्यांच्या तोंडून हे वाक्य इतक्या सहज निघाले की आमचे आम्हांसच नवल वाटले. शेजारी सौभाग्यवती शालीत हात घालून बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने, गाडी थानकोट ओलांडून नागढुंग्याच्या घाटमाथ्यावर आली तेव्हा, त्या म्हणाल्या, "सवय नाही हो तुम्हांला. आवाज कापत होता."

नागढुंग्यापासून नौबिसेपर्यंत रस्ता वळणे घेत खाली उतरतो. तराईतून राजधानीकडे चढणाऱ्या मालमोटारींची रांग समोरून येत असते. त्यांच्या दिव्यांची माळ डोंगराच्या अंगावर वरपासून खालपर्यंत लोंबत असलेली दिसते. १९५६ साली भारताच्या साहाय्याने झालेला त्रिभुवन राजपथ हाच. नौबिसे येथे तो पथ दक्षिणेस वळतो व पश्चिमेकडे पृथ्वी राजमार्ग लागतो; तो चीनच्या साहाय्याने बांधलेला. दोन शेजाऱ्यांनी बांधून दिलेल्या रस्त्यांचा सांधा येथे असा बसला आहे. पुढे त्रिशूली नदी सोबत करू लागते. रात्री ती दिसत नाही. केवळ ऐकू येते. खिडकीशी बसलेल्या माणसास रस्त्याची कड आणि नदीचा आवाज यांमध्ये किती अंतर आहे हे कळत नाही, आणि न कळणे हेच बहुधा हिताचे.

मलेखु येथे गाडी जेवणास थांबली. हे गाव त्रिशूलीच्या तळलेल्या माशांसाठी प्रसिद्ध. दुकानांच्या तोंडाशी काड्यांस टोचलेले मासे रांगेने मांडलेले. आम्ही मासे खात नाही, परंतु वसईकर ब्राह्मणाचे नाक सुकटीच्या वासात वाढलेले असते. त्यामुळे आम्हांस काही विशेष वाटले नाही. आम्ही डाळभात घेतला. पितळी ताटात मध्यभागी भाताची मूद, भोवती डाळ, पालेभाजी, मुळ्याचे लोणचे. डाळ संपली की न मागता पुन्हा वाढीत. जेवण चालू असता कोणीतरी मोठ्याने हाक मारली, "गुरुजी!" आम्ही चटकन मान वळविली. उत्तर मात्र भलत्यानेच दिले : आमच्या बसच्या चालकाने. नेपाळात बस हाकणाऱ्यास आदराने गुरुजी म्हणतात, हे आम्हांस तेव्हा कळले. आम्ही सौभाग्यवतींकडे पाहिले. त्या पदराआड हसत होत्या.

मात्र त्याच वेळी आमच्या ध्यानात आले की ताटावर बसलेले गुरुजी एकटेच आहेत. दुसरा चालक कोठे आहे, असे खलाशास विचारले. तो म्हणाला, "आज एकच आहे."

आता करणार काय? अकराच्या सुमारास मुगलिन आले. येथे त्रिशूलीस मर्स्यांगदी मिळते. पोखऱ्याचा रस्ता पूल ओलांडून मर्स्यांगदीच्या काठाने जातो. जळगावकरांची गाडी जेथे पडली ती जागा त्याच रस्त्यावर, येथून फार दूर नव्हे. आमची गाडी मात्र दक्षिणेस वळून त्रिशूलीच्या काठाने नारायणगडाकडे निघाली. आणि या रस्त्याचीही कथा निराळी नव्हती. १२ जुलै २०२४ च्या पहाटे याच रस्त्यावर सिमलताल येथे डोंगर खचला व रात्रीच्या दोन बसगाड्या नदीत वाहून गेल्या. सुमारे पासष्ट माणसे होती. पोहून बाहेर आलेले अवघे तिघे. सिमलताल केव्हा आले व केव्हा गेले हे आम्हांस कोणी सांगितले नाही. एके ठिकाणी मात्र पुढच्या बाकावरील दोन-तीन माणसांनी कपाळास हात लाविला, एवढे पाहिले. सौभाग्यवतींनी आमच्या हातावर हात ठेवला होता. त्या विष्णुसहस्रनाम म्हणत होत्या की नुसते ओठ हलवीत होत्या, हे आम्ही विचारले नाही.

नारायणगडापुढे डोंगर मागे पडतो, रस्ता सपाट होतो आणि उतारूंच्या जिवात जीव येतो. पण संकट संपले असे नव्हते. पूर्वेस उगवलेला वद्य पक्षातला चंद्र हळूहळू मळकट झाला व मग दिसेनासा झाला. धुके उतरले होते. गाडीच्या दिव्यांपुढे पांढरी भिंत. त्यातच नारायणगड ते बुटवल हा रस्ता रुंद करण्याचे काम काही वर्षे रेंगाळलेले, त्यामुळे कोठे डांबर, कोठे खडी, कोठे केवळ धूळ. पुढे दाउन्नेचा घाट यावयाचा होता. अडीचच्या सुमारास, घाटाच्या अलीकडे दुम्कीबास येथे, एका चहाच्या टपरीपाशी गुरुजींनी गाडी बाजूस घेतली व यंत्र बंद केले.

गाडीत एकदम गलका झाला. बुटवलास कोणाची कोर्टात तारीख होती. कतारहून चार वर्षांनी परतलेला एक तरुण होता. तो गेल्यावर जन्मलेली मुलगी त्याने अद्याप पाहिली नव्हती, आणि तो तर सर्वांहून मोठ्याने ओरडत होता. गुरुजी आपल्या जागेवरून उठले व आमच्याकडे तोंड करून उभे राहिले. चाळिशीचा, ठेंगणा, कानटोपी घातलेला माणूस. तो नेपाळीत बोलला; मग आमच्याकडे पाहून तेच हिंदीत बोलला. त्याचे म्हणणे असे : "मला झोप येत आहे. आताच एका वळणावर माझा डोळा लागला होता. तुम्हांपैकी कोणास ते कळले नाही, आणि मी सांगितले नसते तर कधी कळलेही नसते. दुसरा माणूस मालकाने दिला नाही. धुके असे आहे. उजाडेपर्यंत मी घाट चढणार नाही. ज्यास जावयाचे असेल त्याने मागून येणाऱ्या गाडीत बसावे."

कोणीही उतरले नाही. ज्याच्यापाशी लपविण्यास इतकी सोय होती, त्याने ते होऊन सांगितले, त्यापुढे कोणास बोलता येईना. तो कतारचा तरुण गुरगुरत टपावर चढला, आपल्या सामानातून नवी कोरी घोंगडी सोडवून खाली आला आणि एक शब्दही न बोलता ती त्याने सौभाग्यवतींच्या अंगावर घातली.

आम्हांस झोप येणे शक्य नव्हते. खाली उतरलो. टपरीबाहेर काटक्यांची शेकोटी होती. गुरुजी तासभर टेकून उठले होते व चहा घेत होते. आम्ही डब्यातली सुकेळी पुढे केली. उन्हात वाळवलेले केळे ते. आमच्या गावची राजेळी सोलून, वाळवून करतात, असे सांगितले. त्यांनी एक तुकडा तोंडात घातला व हसून मान डोलविली. आपण काय करता, असे त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "आम्हीही गुरुजीच. शाळेतले." ते एकदम पाय आखडून सावरून बसले. मग म्हणाले की आषाढात सिमलतालास गाड्या गेल्या तेव्हापासून त्यांची आई रात्रीची झोपत नाही. म्हणून कितीही वाजले असोत, प्रत्येक थांब्यावरून तिला ते दूरध्वनी करतात, आणि उशीर झाला तर उशीर झाला असेच सांगतात. "खोटे सांगितले तर पुढच्या वेळी खरे सांगितलेलेही तिला पटणार नाही." आणि मग अगदी सहज त्यांनी विचारले, "आपल्या घरी कळविलेत ना?"

घड्याळात साडेचार वाजले होते, वसईस सवाचार. आम्ही चहाच्या पेल्यात पाहत राहिलो. मुलांच्या वह्या तपासताना दुसऱ्याचे पाहून लिहिलेले उत्तर आम्हांस पहिल्या ओळीत कळत असे. आपली वही मात्र आम्ही त्या रात्रीपर्यंत कधी तशा नजरेने पाहिली नव्हती. दगडावरच्या लेखासाठी दिलेला शब्द मोडला, आणि मोडला हे झाकण्यासाठी दुसरा खोटा शब्द दिला. चांगुनारायणच्या अंगणात मुलाच्या शब्दाखातर थांबलेल्या आईची कथा मोठ्या रसाने सांगणारे आम्हीच, आणि त्याच संध्याकाळी मुलाचा शब्द उडवून लावणारेही आम्हीच!

सहाच्या पुढे समोरचे झाड दिसू लागले तेव्हा गाडी निघाली. दाउन्ने चढलो व उतरलो. घाटाची दशा पाहून रात्री हे ओलांडावयाचे होते या कल्पनेने अंगावर काटा आला. बुटवलास कोर्टाची तारीख असलेला गृहस्थ धावत सुटला. साडेनवास भैरहवा आले. उतरताना सौभाग्यवतींनी गुरुजींस नमस्कार केला. त्याने गोंधळून दोन्ही हात जोडले.

लुंबिनी तेथून सुमारे वीस-बावीस किलोमीटर. धुके विरळ होऊन कोवळे ऊन पडले होते. मायादेवीच्या मंदिरामागे तो स्तंभ उभा आहे. १८९६ साली तो विद्वानांच्या दृष्टीस पडला, तोपर्यंत सर्व जागा रानात होती. लोखंडी कठड्यापलीकडे, ब्राह्मी अक्षरांच्या चारपाच ओळी. राज्याभिषेकास वीस वर्षे झाल्यावर राजा येथे स्वतः आला, येथे बुद्ध जन्मले म्हणून त्याने पूजा केली, दगडी स्तंभ उभारला आणि या गावाचा कर माफ करून शेतसाऱ्याचा वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, एवढाच मजकूर. अलंकार नाही, पाल्हाळ नाही. ज्या राजाचा तुटका दगड आमच्या सोपाऱ्यास निघाला, त्याचाच हा अखंड लेख पाहून मन भरून आले हे खरे. परंतु त्याहून एक गोष्ट जास्त लागली. आपण काय केले तेवढेच या राजाने येथे सांगितले आहे.

पुष्करिणीच्या काठी पिंपळाखाली बसून आम्ही चिरंजीवांस दूरध्वनी केला आणि काल संध्याकाळपासूनची सर्व हकीकत, आपले खोटे धरून, सांगितली. पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. आम्हांस वाटले तार तुटली.

"आई बरी आहे ना?" त्यांनी विचारले.

"बरी आहे."

"काही खाल्लेत?"

"सुकेळी उरली आहेत."

"बरे. गोरखपुरास गाडीत बसलात की कळवा," असे म्हणून त्यांनी दूरध्वनी ठेवला. आम्ही वाट पाहत होतो तो राग त्यांनी घरी येईपर्यंत राखून ठेवला होता. तो यथाकाल झाला, व आम्ही तो खाली मान घालून ऐकला.

वाचकांपैकी पुष्कळ कुटुंबांतील वडीलधारी माणसे पशुपतिनाथ, मुक्तिनाथ, लुंबिनी या यात्रांस जातात. त्यांच्यासाठी चार गोष्टी लिहून ठेवतो. नेपाळातील डोंगरी रस्ता दिवसाच करावा. त्यासाठी बेतात एक दिवस मोकळा ठेवावा व तो कोणत्याही कारणासाठी खर्चू नये. पावसाळ्यात तर रात्रीचा विचारही करू नये. रात्रीच निघणे भाग पडले, तर दुसरा चालक आहे या बोलण्यावर न जाता गाडी सुटण्यापूर्वी तो डोळ्यांनी पाहावा. नसेल तर उतरून यावे, तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. औषधे व गरम वस्त्र टपावरच्या सामानात न देता हातातल्या पिशवीत ठेवावे. चालकाने गाडी थांबविली तर त्याच्यावर ओरडू नये.

आणि आपण कोणत्या गाडीत, कोणत्या रस्त्यावर आहोत हे घरच्यांस खरे सांगावे. ते काळजी करतील, रागावतीलही; तेवढा त्यांचा अधिकार आहे.